नव्वद की एकशे चाळीस

फिटरच्या बायकोचं म्हणणं असं, की शहाणी माणसं गाडीत बसून कुठेतरी जातात आणि हे तिघं गाडी उभी करून तिच्या पोटात काय ओतायचं यावर वर्षंच्या वर्षं घालवतात. बाई शिवणकाम करायची. कापड एकदाच कापता येतं हे तिला पक्कं ठाऊक, त्यामुळे निर्णय लांबवणाऱ्या माणसांबद्दल तिला मुळातच आदर नव्हता. नवरा त्यातच मोडत होता, हे ओघाने आलंच.

तिघं म्हणजे स्वतः फिटर, ताई आणि दादा. ताई आणि दादा हे सख्खे बहीणभाऊ, दोघंही साठीच्या पुढचे. ताईंचं औषधांचं दुकान. दादांचं घड्याळं दुरुस्तीचं, जेमतेम खुर्ची मावेल एवढं. आणि गाडी होती त्यांच्या बाबांची. हिरवी, बुटकी, लांब नाकाची, उघड्या टपाची, फक्त दोन माणसांची. बाबा दातांचे डॉक्टर होते. लोकांच्या दाढा उपटून उपटून त्यांनी स्वतःसाठी हे खेळणं घेतलं होतं. घरात बायको आणि दोन पोरं असताना दोन सीटची गाडी घेणाऱ्या माणसाला काय म्हणावं? पण घेतली. पोरं सीटमागच्या फळीवर गुडघे कानाशी घेऊन बसायची आणि वळणावर एकमेकांच्या अंगावर पडून बोंबलायची.

फिटर ही गाडी गेली तीस वर्षं सांभाळत होता. छापखान्यामागच्या लांबट शेडमध्ये त्याचं गॅरेज. मधोमध गाडीखाली उतरायचा खड्डा, भिंतीवर पाने ओळीने टांगलेले, कोपऱ्यात तेलाने काळं झालेलं एक लाकडी कपाट. बाकी दिवसभर सामान पोचवणाऱ्या टेम्पोंची कामं. त्या टेम्पोंवर कोणी प्रेम करत नाही, फिटरही करत नव्हता. ही हिरवी गाडी शेडमध्ये आली की मात्र तो हात धुऊन मग तिला हात लावायचा. गाडीला हात लावण्याआधी हात धुणारा फिटर तुम्ही पाहिलाय कधी?

तर, सहा वर्षांपूर्वी डॉक्टर गेले. जाण्याच्या आठवडाभर आधी, एका दिवशी चांगल्या कडाक्याच्या थंडीत, चौऱ्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा टप उघडा टाकून गाडी फिरवून आला. शेजारी दादा बसले होते. मग सर्दी, मग छाती भरली, मग दवाखाना, आणि संपलं. त्याच दिवशी ताई भावाला म्हणाल्या, "तू मारलंस त्यांना." भाऊ म्हणाला, "तू तर दोन वर्षं आधीच त्यांना घरात कोंडून मारलं होतंस." बस. त्यानंतर दोघं एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत.

गाडी बाबांनी दोघांच्या नावावर ठेवली होती. आता करायचं काय? फिटरने मध्ये पडून तोडगा काढला. पंधरा दिवस ताईंची, पंधरा दिवस दादांची. एक आड एक शनिवारी सकाळी एकाने गाडी गॅरेजात आणून लावायची, संध्याकाळी दुसऱ्याने घेऊन जायची. समोरासमोर यायला नको. किल्ली एकच, ती फिटरच्या हाती द्यायची. या दोघांना बांधून ठेवणारी तेवढी एक गाडीच काय ती उरली होती, आणि फिटरला वाटायचं, गाडी चालू आहे तोवर काहीतरी शिल्लक आहे.

मग तेलाचं सुरू झालं.

आता डिफरन्शियल म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याने फार मनाला लावून घेऊ नये. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक ओबडधोबड डबा असतो, त्यात दातेरी चाकं. गाडी वळते तेव्हा आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त, त्या दोघांचं जमवून द्यायचं काम हा डबा करतो. त्यात सव्वा लिटर जाड तेल लागतं. झालं, एवढंच. एवढ्याशावर दोन सुशिक्षित माणसं वर्षानुवर्षं भांडू शकतील, असं कोणालाही वाटणार नाही.

नंबर जेवढा मोठा तेवढं तेल जाड. ताईंचं म्हणणं नव्वद नंबर. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात तसं छापलंय, पान त्रेचाळीस, तळाशी. आयुष्यभर चिठ्ठीवर लिहिलेलंच औषध देणारी बाई ती, छापलेल्याच्या बाहेर जायचीच नाही. दादांचं म्हणणं एकशे चाळीस. का, तर बाबा म्हणायचे, "जुन्या गाडीला जाड तेल." आता गंमत बघा, हा माणूस जन्मभर घड्याळात सुईच्या टोकावरचं, पाण्याहून पातळ तेल सोडत आलेला. पण गाडीच्या बाबतीत त्याला काकवीसारखं तेल हवं.

"फिटर," ताई पहिल्याच महिन्यात म्हणाल्या, "त्यांनी भरलेलं ते डांबर काढ आणि हे भर." आणि बाकावर नव्वद नंबरचा सीलबंद डबा ठेवला.

"बरोबर आहे तुमचं," फिटर म्हणाला.

पंधरा दिवसांनी दादा. "फिटर, त्यांनी भरलेलं ते सरबत काढ आणि हे भर." एकशे चाळीसचा डबा.

"बरोबर आहे तुमचं," फिटर म्हणाला.

त्याला भांडणाची भयंकर धास्ती. कोणी आवाज चढवला की, चूक असो बरोबर असो, समोरच्याचं बरोबर. पुढची पाच वर्षं दर पंधरा दिवसांनी हा शहाणा खड्ड्यात उतरून नवंकोरं तेल काढत होता आणि नवंकोरं तेल भरत होता. जगात इतकं स्वच्छ डिफरन्शियल दुसऱ्या कुठल्या गाडीचं नसेल. ताई आपल्या पाळीत म्हणायच्या, "बघ, आता कशी पंख लागल्यासारखी पळते." दादा आपल्या पाळीत म्हणायचे, "बघ, आता कशी लोण्यासारखी चालते." आणि तेल कोणतंही असो, गाडी आपली चालत तशीच होती.

मग वर्षापूर्वी एका शनिवारी तो खालचं बूच आवळत होता तेव्हा ते किंचित फिरलं. म्हणजे नको तिथे फिरलं. डब्याचं कवच अल्युमिनियमचं, मऊ. शंभराहून जास्त वेळा उघडमीट करून त्याचे आटे झिजत आले होते. आणखी दहा-बारा वेळा उघडलं असतं तर बूच धरलंच नसतं, आणि असं कवच आता कुठे मिळायचं? ज्याने बनवलं त्या कारखान्यालाच टाळं लागून जमाना झाला.

सरळ माणसाने दोघांना बोलावून सांगितलं असतं, बाबांनो पुरे करा. पण सांगायचं तर दोघांना सांगावं लागणार, आणि मग दोघं विचारणार, की शेवटी आत ठेवायचं कोणाचं? या एका प्रश्नाला फिटर इतका घाबरायचा की त्याने सोपा उपाय काढला. तेल बदलणंच बंद केलं. त्या दिवशी आत दादांचं एकशे चाळीस होतं, ते राहिलं. पुढचे सगळे डबे, ताईंचे असोत की दादांचे, सील न तोडता कपाटात. काम केल्यासारखं दिसावं म्हणून दर पाळीच्या शनिवारी खड्ड्यात उतरून रॉकेलच्या फडक्याने डिफरन्शियल बाहेरून लख्ख पुसून ठेवायचा. मजुरी घ्यायचा नाही, तेवढी लाज त्याला होती.

"आणि ते दोघं?" बायकोने विचारलं.

"ते खूश आहेत गं. ताई म्हणतात पंख लागले, दादा म्हणतात लोणी."

"तुम्हाला लाज वाटत नाही?"

"वाटते. पण गाडी वाचतेय ना."

"कधीतरी अंगाशी येईल," बायको म्हणाली आणि बाहीला चुन्या घालत बसली.

आलंच अंगाशी. एकदा ताईंची पाळी चालू असताना गाडी मागून कण्हायला लागली. वेग घेताना नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की. कुंऽऽई, असा बारीक, दाताला झोंबणारा आवाज. ताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण एके दिवशी त्या दादांच्या दुकानावरून गेल्या. दादांचे कान म्हणजे काय विचारता! घड्याळ दोन सेकंद मागे चाललंय हे टिकटिक ऐकून सांगणारा माणूस. डोळ्याचं भिंग तसंच डोळ्याला, हातात चिमटा, आणि ते थेट रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी फिटरकडे चिठ्ठी आली. "त्यांना कळव, त्यांच्या पातळ तेलाने बाबांची गाडी मेली."

ताईंनी औषधाच्या पावतीच्या पाठीमागे उत्तर लिहिलं. "त्यांना कळव, आधी पंधरा दिवस त्यांचंच डांबर होतं."

चिठ्ठ्या येत राहिल्या, फिटर नेऊन देत राहिला. तिसऱ्या दिवशी प्रकरण हाताबाहेर गेलं. दोघांनी लिहून ठरवलं: येत्या शनिवारी दोघंही गॅरेजात येणार. आत तेल ताईंचं आहे. फिटरने आदल्या दिवशी उघडून तपासायचं, काय करायचं ते करायचं, आणि शनिवारी गाडी चालवून दाखवायची. आवाज गेला तर ताईंचं तेल निर्दोष, दादांनी गाडीवरचा हक्क सोडायचा. आवाज राहिला तर ताईंनी सोडायचा. जो हरेल त्याने किल्ली दुसऱ्याला देऊन टाकायची, कायमची. खाली दोघांच्या सह्या. निकाल देणार कोण, तर फिटर.

फिटरच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे काहीही झालं तरी एकाची गाडी जाणार, आणि गाडी गेली की या दोघांना एकमेकांना चिठ्ठी लिहायलासुद्धा कारण उरणार नाही.

शुक्रवारी दुपारी तो खड्ड्यात उतरला. वर्षभराने पहिल्यांदा वरचं बूच उघडलं, तेल कुठवर आहे ते बघायला आत बोट घातलं. बोट कोरडं आलं. आणखी खोल घातलं. कोरडंच. मग खालचं बूच काढलं, तर सव्वा लिटरच्या जागी चहाच्या कपात मावेल एवढं काळंकुट्ट तेल गळलं, आणि बुचाला चंदेरी चुरा.

मग बॅटरी मारून बघितलं. पुढच्या सीलमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या रबरी कड्यातून, तेल झिरपत होतं. थेंब थेंब, महिनोन् महिने. कुठल्याही फडतूस फिटरला ते दिसलं असतं, कारण झिरपलेल्या तेलावर धूळ बसून काळा चिखल होतो, आणि चिखल दिसला की माणूस विचारतो हे कुठून आलं. पण इथे चिखल झालाच नव्हता. दर पाळीला फिटर स्वतःच्या हाताने तो रॉकेलने लख्ख पुसत होता.

"अरे गाढवा," फिटर स्वतःला म्हणाला. त्याला रडू यायच्या बेतात होतं. ताईंचं तेल चूक नव्हतं, दादांचं तेल चूक नव्हतं. चूक एवढीच, की आत तेलच नव्हतं.

पण तुम्ही फिटरला ओळखता. त्याच्या डोक्यात आलं, अजून वेळ गेलेली नाही. सील बदलावं, आत ताईंच्या ताज्या डब्यातलं नव्वद भरावं. म्हणजे कागदावर आहे तेच आत होईल. आवाज गेला तर... तर दादा हरणार. बरं, थोडासाच राहिला तर म्हणता येईल, गेला म्हणावं तर गेला, आहे म्हणावं तर आहे, पुढच्या महिन्यात बघू. फिटरची सगळी भिस्त त्या 'पुढच्या महिन्यात बघू'वर होती. त्याने सील बदललं, तेल भरलं, हात धुतले आणि घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं.

बायकोने शिवणयंत्र थांबवलं. "उद्या खरं सांगून मोकळे व्हा."

"गाडी काढून घेतील माझ्याकडून."

"घेऊ देत."

"तीस वर्षं झाली गं."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. तिलाही वाईट वाटलं. यंत्र पुन्हा चालू केलं.

शनिवारी दहाच्या ठोक्याला दोघं हजर. सहा वर्षांत पहिल्यांदा एका छपराखाली. ताई स्टुलावर, मांडीवर पर्स आणि पर्सवर ते पुस्तक. दादा जुन्या टायरवर. मध्ये दोन हातांचं अंतर आणि त्या अंतरात फिटर.

"फिटर, त्यांना सांग, सुरुवात करू."

"फिटर, त्यांना सांग, मी केव्हाचा तयार आहे."

"फिटर, त्यांना विचार, टायरवर बसून पँट काळी होतेय ते कळतंय का."

"त्यांना सांग, पँट माझी आहे."

गाडी दोनच माणसांची, म्हणून फिटरने आधी दादांना फिरवून आणलं, मग ताईंना. आवाज पुष्कळ कमी झाला होता. पण होता. उताराला पाय उचलला की मागून बारीक, कुंऽई. दाते ओरखडलेले, ते तेलाने थोडेच भरून येणार? दादा परत येऊन छाती काढून उभे राहिले. "ऐकलं? मी काय म्हणत होतो?"

ताई गाडीतून उतरल्या आणि त्यांनी दार हळूच लावलं. फिटरने घसा साफ केला. "आता कसं आहे, गेला म्हणावं तर गेला, आहे म्हणावं तर..."

"आहे," ताई म्हणाल्या. "मी काय बहिरी नाही. उगाच माझी बाजू घेऊ नकोस." त्यांनी फिटरच्या हातातून किल्ली घेतली. ती दादांच्या हातात दिली नाही, त्यांच्याजवळच्या बाकावर ठेवली. "ठरल्याप्रमाणे गाडी त्यांची. त्यांना सांग, टपाचं डावीकडचं बटण सैल झालंय, जोरात ओढू नका. आणि पावसाळी हवेत चोक लगेच आत ढकलायचा नाही, ती घुसमटते."

एवढं बोलून त्यांनी पुस्तकही बाकावर ठेवलं, पुन्हा उचललं, आणि पुन्हा ठेवलं.

दादा जिंकले होते. पण जिंकलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. "फिटर, त्यांना सांग..." ते म्हणाले आणि तिथेच अडले. "त्यांना सांग की..." पुन्हा अडले. खाली बघत राहिले.

फिटरच्या जिभेवर नेहमीचं 'बरोबर आहे तुमचं' आलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून वेगळंच काहीतरी बाहेर पडलं.

"तेल ताईंचं नाहीये."

दोघांनी वर बघितलं.

"म्हणजे आत्ता आहे. पण काल दुपारपासून. त्याआधी वर्षभर दादांचं होतं. म्हणजे... मी वर्षभर तेल बदललंच नाही."

"काय?" ताई.

"काय?" दादा.

फिटर कपाटाशी गेला आणि दार उघडलं. नव्वदचे डबे, एकशे चाळीसचे डबे, एकावर एक, सीलबंद, वरपर्यंत. मग त्याने एका दमात सगळं सांगितलं. झिजलेले आटे, सील, फडकं, कोरडं बोट.

"पण बाबा म्हणायचे..." दादा म्हणाले.

"ते मीच सांगितलं होतं डॉक्टरांना," फिटर म्हणाला. आता निघालंच आहे तर सगळंच निघू दे. "माझ्याकडे तेव्हा ट्रकच्या एकशे चाळीसचं पिंप होतं, दुसरं काही नव्हतंच. त्यांनी विचारलं हेच का, तर मी म्हटलं, जुन्या गाडीला जाड तेल. त्यांना ते आवडलं."

मग ताई गरजल्या.

"ढब्ब्या, ऐकतोयस का हे?"

"ऐकतोय तायडे, ऐकतोय! वर्षभर! वर्षभर हा आपल्याला बनवत होता!"

"आणि तू म्हणे लोण्यासारखी चालते!"

"आणि तुला पंख लागले होते!"

"तुला कोणी सांगितलं पंखाचं?"

"यानेच!"

"बघ, म्हणजे चुगल्याही करतो!"

दोघं उठून त्याच्यासमोर खांद्याला खांदा लावून उभे होते आणि त्याला झोडपत होते. खोटारडा, भित्रा, बिनकण्याचा, वंगणाचा गोळा. ताई दम घ्यायला थांबल्या की दादा सुरू, दादा थांबले की ताई. एकमेकांशी बोलतोय हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. फिटरच्या आलं होतं. शिव्या खाता खाता त्याचे डोळे भरून आले, आणि त्यांना वाटलं पश्चात्ताप झाला.

मग ताई एकदम थांबल्या. भावाकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी... बाबा खूश होते?"

दादांना कोणता दिवस ते विचारावं लागलं नाही. "गात होते," ते म्हणाले. "मी तीनदा टप लावायला गेलो, तीनदा हात झटकला माझा. मला लावता आला असता जोर करून. मी लावला नाही."

"बेसूर गात असतील."

"भयंकर."

ताईंनी पदराने डोळे पुसले. मग पुसून झाल्यावर त्या पुन्हा फिटरकडे वळल्या, दुप्पट जोराने. "आणि तू! आजपासून या गाडीला तुझं बोट लागता कामा नये. कळलं?"

"बरोबर आहे त्यांचं," दादा म्हणाले. हे वाक्य त्या शेडमध्ये आजवर फक्त फिटर म्हणत आला होता.

सगळे डबे त्यांनी गाडीत भरले. मागच्या फळीवर, पायांत, आणि उरलेले ताईंच्या मांडीवर. दादा चालवायला बसले. ताई म्हणाल्या चोक, दादा म्हणाले मला कळतं, आणि गाडी कुंऽई करत छापखान्याच्या कोपऱ्यावरून वळून गेली. फिटर शेडच्या दारात उभा राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं. इतकं, की एका टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवल्यावर तो त्याच्यावर खेकसला. फिटरने कोणावर खेकसायची ही पहिलीच वेळ.

तीन आठवडे असेच गेले. शनिवार आला की तो उगाचच हात धुऊन बसायचा. चौथ्या शनिवारी बायकोने त्याच्या हातात टोपी दिली. "जा, बघून या एकदाचं. नुसते घरभर फिरू नका."

तो ताईंच्या गल्लीत गेला. फाटकाच्या आत गाडी चार ठोकळ्यांवर चढवलेली, आणि खालून चार पाय बाहेर आलेले. दोन चपलांतले, दोन बुटांतले. बोनेटवर दगड ठेवून उघडं पुस्तक, पान त्रेचाळीस.

"छापलंय ते डोळ्यांनी वाच ना, ढब्ब्या!"

"छापलंय तेव्हा गाडी नवी होती, तायडे! आता तिचे दाते झिजलेत!"

"तुझेच झिजलेत!"

फिटर फाटकाशी खिळून ऐकत राहिला. त्याला तिथून हलवेना. खालून पाना पडल्याचा आवाज आला आणि दादांनी मान बाहेर काढून बघितलं, तर हा उभा. मग ताईंचीही मान बाहेर आली. दोघांच्या कपाळाला काळं. कोणी हसलं नाही.

"आलाच आहेस," ताई म्हणाल्या, "तर एवढं सांगून जा. नव्वद की एकशे चाळीस?"

"आणि खरं सांग," दादा म्हणाले. "जन्मात एकदा."

'बरोबर आहे तुमचं' जिभेवर आलंच. पण फिटरने ते गिळलं. "खरं सांगू? या गाडीला दोन्ही चालतात. आत असलं म्हणजे झालं."

गल्लीत एक सायकल घंटी वाजवत गेली.

"चालता हो!" दोघं एकाच दमात, एकाच सुरात ओरडले.

फिटर चालता झाला. कोपऱ्यापर्यंत त्याला त्यांचं भांडण ऐकू येत होतं, त्यात मधूनच ताईंचं हसू होतं. वाईट वाटायचं ते वाटतच होतं, आणि तरी गेल्या सहा वर्षांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय म्हणाले? फिटर म्हणाला, हाकलून दिलं दोघांनी मिळून. आणि खुर्चीत बसून तो हसतोय की रडतोय ते तिला कळेना, म्हणून तिने यंत्र थांबवून त्याच्यासाठी चहा ठेवला.